काचेखाली उजेड, डोक्यात अंधार

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारून या. दोन टेबलं जवळ ओढलेली, मध्ये फट, फटीवर खिडकीची निखळलेली काच. काचेखाली पूर्वी साठचा बल्ब असायचा, आता एलईडी असतो नाहीतर दोन मोबाईलचे टॉर्च. काचेवर कुणाची तरी पूर्ण झालेली मास्टर शीट, तिच्यावर कोरी शीट, चार कोपऱ्यांना क्लिपा आणि वर वाकलेलं एक डोकं. बाजूला चहा गार होतोय. यालाच जीटी म्हणतात हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नकोच. स्टाफपैकी कुणाला माहीत नसेल तर सांगते, ग्लास ट्रेसिंग. पण माहीत नसेल असं वाटत नाही. तुमच्याही हॉस्टेलच्या खिडकीला काच होतीच की सर!

मी आता बीई मेकॅनिकलला आहे. एफईला असताना ड्रॉइंगच्या जवळजवळ सगळ्या शीट्स मी अशाच मारल्या. आयसोमेट्रिकची मास्टर शीट तर आमच्या अख्ख्या मजल्यावर एकच होती. ती मुळात कुणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही, बहुतेक दोन बॅच आधीच्या कुणीतरी. तिच्यात एका ठिकाणी एक रेघ कोपऱ्याच्या पुढे दोन मिलिमीटर गेली होती, आणि ती चूक आम्हा चौदा जणींच्या शीटवर इमानेइतबारे उतरली होती. चौदाही शीटवर सह्या मिळाल्या. मला तर 'लाइनवर्क नीट आहे' असा तोंडी शेराही मिळाला.

जीटी मारू नका, असा उपदेश करायला मी बसलेली नाही. वरचा पॅरा वाचल्यावर तो अधिकार मला उरत नाही हे उघड आहे. सांगायचंय ते इतकंच, की इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधला जो भाग आपण सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा समजून उरकून टाकतो, तो पिक्टोरियलचा, म्हणजे आयसोमेट्रिक आणि ऑब्लिकचा भाग, तोच पुढे आपल्याला माणसांसमोर उभं राहून हाताने काढावा लागतो. आणि तो काचेवर शिकता येत नाही. हे मला कसं कळलं ते आधी सांगते.

टीईनंतरच्या सुट्टीत मी एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ट्रेनिंगला जात होते. तिथे एका ब्रॅकेटचं काम चाललं होतं. तळाला एक प्लेट, तिच्यावर एक उभी प्लेट, आणि उभीला आधार म्हणून एक त्रिकोणी पट्टी. ड्रॉइंगमध्ये नेहमीचे तीन व्ह्यू. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे फ्रंट व्ह्यूमधल्या तुटक रेघा आणि सलग रेघा यांतला फरक पार पुसून गेला होता. वेल्डिंगच्या हेल्परने मला विचारलं, "ताई, ही पट्टी पुढून की मागून?"

शॉपमध्ये इंजिनिअरिंगची मी एकटीच, आणि मुलगी. 'मेकॅनिकलला मुलगी?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी चार जणांनी विचारून झाला होता. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी साइड व्ह्यूकडे पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "पुढून."

चार ब्रॅकेट टॅक मारून झाल्यावर तिथले जुने फिटर काका आले. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, ब्रॅकेट पाहिला, आणि एवढंच म्हणाले, "पोरी, जरा काढून दाखव बरं मला, कसा दिसतो तो." वेल्डिंगवाले वापरतात तो चपटा पांढरा खडू त्यांनी माझ्या हातात दिला. मी समोरच्या प्लेटवर तीस अंशाच्या दोन रेघा झकास काढल्या. एक उभी काढली. आणि थांबले. पुढे काय काढायचं तेच कळेना. चौदा जणींत जिचं लाइनवर्क नीट होतं ती मी, एका पट्टीच्या ब्रॅकेटसमोर खडू धरून उभी होते.

काकांनी खडू घेतला. आधी ब्रॅकेट समोरून जसा दिसतो तसा सरळ काढला. मग प्रत्येक कोपऱ्यातून एक एक तिरकी रेघ मागे नेली, खऱ्या मापाच्या साधारण निम्मी. त्या रेघांची टोकं जोडली आणि पट्टी मागच्या बाजूला बसवली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. "अशी आहे ती," म्हणाले, आणि हेल्परला ग्राइंडर आणायला सांगितला. मला कुणीही बोललं नाही. चार टॅक तोडताना ग्राइंडरचा जो आवाज येत होता तोच पुरेसा होता.

काकांनी जे काढलं त्याला कॅबिनेट ऑब्लिक म्हणतात. समोरची बाजू खऱ्या आकारात, खोलीच्या रेघा बहुधा पंचेचाळीस अंशात, आणि त्यांचं माप निम्मं. ही व्याख्या मला पाठ होती, ओरलला विचारली होती आणि मी उत्तरही दिलं होतं. काकांना हे नाव माहीत नव्हतं.

माझी नेमकी चूक काय झाली हे संध्याकाळी रूमवर आल्यावर कळलं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे. तिच्यात डावीकडून पाहिलेला व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे ठेवतात. अमेरिकेतल्या थर्ड अँगल पद्धतीत उजवीकडे ठेवलेला व्ह्यू उजवीकडूनच पाहिलेला असतो. एकाच्या ऐवजी दुसरी पद्धत धरून साइड व्ह्यू वाचला की वस्तूची पुढची बाजू मागे जाते आणि मागची पुढे येते. मी तेच केलं होतं. खाली टॉप व्ह्यू होता, त्यात पट्टी मागे आहे हे स्पष्ट दिसत होतं, पण मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

आता लेखाचा मुद्दा. तेव्हा मी एखाद्या कागदाच्या कपट्यावर वेडावाकडा का होईना आयसोमेट्रिक काढला असता तर ही चूक झालीच नसती. कारण पट्टी कुठे बसवायची हे ठरवताना तिन्ही व्ह्यू एकमेकांशी जुळवावेच लागले असते. साइड व्ह्यू सांगतो पुढे, टॉप व्ह्यू सांगतो मागे, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय, हे पेन्सिलीनेच मला सांगितलं असतं. पिक्टोरियल हे आपल्या मनातल्या वस्तूचा हिशोब बरोबर आहे की नाही ते पाहण्याचं साधन आहे. आपण त्याचा उपयोग फक्त दहा मार्कांसाठी करतो.

ही चित्रं जन्माला कशी आली ते पाहिलं तरी हेच दिसतं. तीन व्ह्यूंच्या पद्धतीचा पाया गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने घातला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत होता. किल्ल्याची तटबंदी शत्रूच्या माऱ्यातून सुरक्षित राहील अशी कशी आखायची, याची लांबलचक आकडेमोड त्याने ड्रॉइंगने झटपट सोडवून दाखवली. ही विद्या इतकी मोलाची वाटली की लष्कराने ती बरीच वर्षं गुप्त ठेवली. मोंजची पद्धत अचूक आहे, पण ती वस्तूचे तुकडे करून दाखवते. ते तुकडे जोडायचं काम वाचणाऱ्याच्या डोक्यावर.

आयसोमेट्रिकची गोष्ट वेगळी आहे. केंब्रिजला विल्यम फॅरिश नावाचे प्राध्यापक होते. इंग्लंडमधल्या कारखान्यांतली यंत्रं ते वर्गात मॉडेल करून दाखवत. इतकी मॉडेल्स ठेवणार कुठे? म्हणून त्यांनी चाकं, दांडे, आस असे सुटे भाग करून घेतले होते. एका लेक्चरला त्यातून एक यंत्र उभं करायचं, लेक्चर झालं की मोडायचं, पुढच्या वेळी त्याच भागांतून दुसरं. ही जुळणी त्यांचे मदतनीस करायचे. त्यांना कुठला भाग कुठे बसतो हे एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणून फॅरिशनी तिन्ही दिशांना सारखंच माप लागू पडेल अशी चित्रं काढायला घेतली आणि १८२२ साली त्या पद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे आयसोमेट्रिकच्या मागे कोण उभं आहे? लेक्चरच्या आधी घाईघाईने यंत्र जुळवणारे मदतनीस. माझ्या शॉपमधला हेल्पर त्यांचाच वारस. नवीन टेबल फॅनच्या खोक्यात येणारा घडीचा कागद उघडून पाहा, आजही फॅरिशचंच काम चाललेलं असतं.

आता ही पद्धत चालते कशी ते थोडक्यात बघू. एफईवाल्यांना परीक्षेलाही उपयोग होईल.

एक घन घ्या आणि त्याच्या एका कोपऱ्यापासून थेट समोरच्या, सगळ्यात लांबच्या कोपऱ्याच्या दिशेने त्याच्याकडे पाहा. त्याची बाहेरची कडा नियमित षट्कोन दिसते आणि जवळच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा एकमेकींशी १२० अंशांचे कोन करतात. म्हणून एक रेघ उभी आणि दोन रेघा आडव्याशी ३० अंशांत. तिन्ही कडा आपल्यापासून सारख्याच कलल्यामुळे सारख्याच आखूड दिसतात, खऱ्या लांबीच्या सुमारे ०.८१६ पट. १०० मिलिमीटरची कड जवळजवळ ८२ दिसणार. हीच ती आयसोमेट्रिक स्केल. ड्रॉइंग काढताना आपण बहुधा ही स्केल सोडून खरंच माप घेतो. मग चित्र सुमारे साडेबावीस टक्के मोठं येतं, पण आकार तोच राहतो. यातूनच गोलाचा प्रश्न निघतो. गोल कुठूनही पाहिला तरी तेवढाच दिसतो, तो आखूड होत नाही. म्हणून बाकीची मापं आयसोमेट्रिक स्केलने घेतली तरी गोलाची त्रिज्या खरीच घ्यायची. हे ज्याने समजून घेतलं त्याला एक्स्टर्नल अडवू शकत नाही.

दुसरी गंमत तिरक्या रेघांची. १०० मिलिमीटर बाजूचा चौरस आयसोमेट्रिकमध्ये काढा. त्याचे दोन्ही कर्ण खरे १४१ मिलिमीटरचे आहेत. कागदावर मात्र एक १७३ भरतो आणि दुसरा बरोबर १००. म्हणजे तीन अक्षांना समांतर नसलेली कुठलीही रेघ थेट मोजून काढता येत नाही. तिची दोन्ही टोकं आधी शोधावी लागतात आणि मग जोडावी लागतात. म्हणून आधी आख्खी वस्तू मावेल असं खोकं काढायचं आणि मग सुतार लाकूड तासतो तसं त्यातून एकेक भाग कापत जायचं.

जीटीत काय हरवतं याचं उत्तर इथे आहे. पूर्ण झालेल्या शीटवर रेघा असतात, पण त्यांचा क्रम नसतो. कुठली रेघ आधी आली, कुठलं खोकं आधी होतं आणि मग कापलं गेलं, हे काचेतून दिसत नाही. आठवा, जीटी मारताना आपण सुरुवात कुठून करतो? बॉर्डर आणि टायटल ब्लॉकपासून! मग वरच्या डाव्या कोपऱ्यातून जी रेघ समोर येईल ती. वस्तू असं कुणी बघत नाही. नाव, रोल नंबर आणि शेवटी यंत्र, असा आपला क्रम.

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला आमच्या कॉम्प्युटरवाल्या मित्रांचा, की आता हे सगळं सॉफ्टवेअर करतं, एक बटण दाबलं की आयसोमेट्रिक व्ह्यू हजर. खरं आहे. मीही प्रोजेक्टचं मॉडेल सॉफ्टवेअरमध्येच केलंय आणि ड्राफ्टरला परत हात लावायची मला अजिबात हौस नाही. आयव्हन सदरलँडने एमआयटीत १९६३ साली स्केचपॅड करून दाखवलं, १९८२ साली ऑटोकॅड आलं, तेव्हापासून बोर्डवर वाकून पाठ मोडण्याचे दिवस संपत आले आणि ते चांगलंच झालं. पण ते बटण दाबण्याआधी मॉडेल कुणी तयार केलेलं असतं? ज्याला वस्तू कळली त्याने. मी पट्टी पुढे समजले असते तर सॉफ्टवेअरनेही ती पुढेच दाखवली असती, वर छान चकचकीत शेडिंग करून. शिवाय हेल्परने प्रश्न विचारला तेव्हा माझ्याजवळ खडू होता, लायसन्स नव्हतं.

आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, हे तुमच्यापासून फार लांब आहे असंही समजू नका. वर्षानुवर्षं हॉस्टेलच्या लॅनवर ज्याने रात्री जागवल्या तो 'एज ऑफ एम्पायर्स' घ्या. त्यातली जमीन आयसोमेट्रिक वाटते, पण तिचे कोन तीस अंशांचे नाहीत. पिक्सेलवर रेघ नीट बसावी म्हणून तिथे दोन आडवे आणि एक उभा असा उतार धरतात, म्हणजे सुमारे २६.६ अंश. काटेकोर बोलायचं तर तो डायमेट्रिक. केमिकलवाल्यांना तर पाइपिंगचे 'आयसो' आयुष्यभर वाचायचे आहेत. रिफायनरीतली पाइपलाइन जोडणारा माणूस स्केल न धरता काढलेल्या त्याच एका रेघेच्या आयसोमेट्रिकवरून आकडे आणि उत्तर दिशेचा बाण पाहून काम करतो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. 'काहींना थ्रीडी दिसतंच, काहींना नाहीच दिसत. तुला इमॅजिनेशन नाही.' हे वाक्य एफईच्या पहिल्या महिन्यात कितीतरी जणांनी ऐकलेलं असतं, आणि मुलींनी जरा जास्तच. ग्राइंडरच्या त्या आवाजात मला हेच वाक्य ऐकू येत होतं. आपल्यामुळे आता हे लोक पुढच्या मुलीलाही हेच म्हणतील, असंही वाटून गेलं.

पण हे वाक्य चूक आहे आणि ते मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत मिशिगन टेक या विद्यापीठात शेरिल सॉर्बी आणि बेव्हर्ली बार्टमन्स या दोन प्राध्यापिकांनी १९९३ मध्ये एक छोटा कोर्स सुरू केला. सॉर्बींना स्वतःला विद्यार्थी असताना ड्रॉइंगचा विषय जड गेला होता. फिरवलेली वस्तू कशी दिसेल हे ओळखण्याची तीस प्रश्नांची एक चाचणी आहे. तिच्यात जे मागे पडले त्यांच्याकडून त्यांनी एकमेकांत अडकणारे छोटे घन जुळवून घेतले, ते फिरवून बघायला लावले आणि हाताने आयसोमेट्रिक स्केच काढून घेतली. कोर्सनंतर त्यांचे गुण चांगलेच वाढले, आणि पुढच्या ग्राफिक्सच्या विषयातही ती मुलंमुली कोर्स न केलेल्यांपेक्षा सरस ठरली. तात्पर्य, थ्रीडी दिसणं ही सायकल चालवण्यासारखी गोष्ट आहे. पडत पडत येते. दुसऱ्याच्या सायकलचा फोटो ट्रेस करून येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट शाळेत तरी कळलेली होती. ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात त्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. समोर बादली, तांब्या, दोन वांगी मांडलेली, आणि जिथे बसलोय तिथून जसं दिसतं तसं काढायचं. शेजारच्याचं पाहून उपयोग नाही, कारण त्याच्या जागेवरून बादलीचा कान वेगळीकडे दिसतो. कॉपी करायला वावच नाही! इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र आम्ही एन. डी. भट यांच्या पुस्तकातले असे ठोकळे काढतो जे आमच्यापैकी कुणीच कधी हातात धरलेले नाहीत. पुस्तक उत्तमच आहे, त्याच्यावर पिढ्या तयार झाल्या. पण सगळ्यांना तोच प्रश्न, तीच मापं, तीच शेवटची तारीख आणि मार्क रेघेच्या सफाईला, असं असेल तर काच आपोआप टेबलावर येते. दोष एकट्या पोरांचा नाही, हे स्टाफने कृपया समजून घ्यावं.

म्हणून काही सूचना करते. लहान तोंडी मोठा घास आहे, पण बीईला गेल्यावर एवढं चालतं.

पिक्टोरियलची मोठी शीट एकच ठेवा. तिच्याऐवजी साध्या वहीत हाताने काढलेली वीस स्केचेस घ्या. पट्टी नाही, ड्राफ्टर नाही. वस्तू ज्याची त्याने निवडायची: कडी-कोयंडा, इस्त्री, साबणदाणी, एक्स्टेंशन बोर्ड, कॉटचा कोपरा. मजल्यावर चौदा जणी असतील तर चौदा वेगळ्या वह्या होतील, जीटीला काही उरणारच नाही. ओरलला स्केलची किंमत विचारण्यापेक्षा एक वस्तू हातात द्या आणि पाच मिनिटांत काढायला सांगा. ड्रॉइंग हॉलच्या मागच्या कपाटात लाकडी मॉडेल्स आहेत, काचेतून दिसतात. त्या कपाटाची किल्ली वर्षातून एकदा इन्स्पेक्शनला निघते, ती जरा आठवड्याला निघू दे.

पोरापोरींनो, तुम्ही किल्लीची वाट पाहू नका. आज रात्रीच एक काडेपेटी घ्या आणि अर्धी उघडून टेबलावर ठेवा. आधी बाहेरचं खोकं काढा, मग आतला ट्रे पुढे आलेला. जाडी दाखवायला विसरू नका, तिथेच सगळे अडतात. मग पेटी फिरवा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून काढा. तिसऱ्यांदा तिच्याकडे न बघता काढा. पुस्तकातला एखादा ठोकळा डोक्यात बसत नसेल तर अंगाच्या साबणाची वडी ब्लेडने त्या आकारात कापा. साबण वाया जात नाही, नंतर आंघोळीला होतोच.

गोल भोकं आली की फोर सेंटर मेथडला घाबरू नका. समभुज चौकोनाच्या दोन बोथट कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या मध्यांना रेघा जोडा, चारही केंद्रं मिळतात. ती आकृती खऱ्या इलिप्सपेक्षा लांबीला पाच-सहा टक्के आखूड आणि रुंदीला किंचित फुगीर येते. डोळ्याला चालते, पण ती अंदाजे आहे हे माहीत असावं. आणि समोरच्या बाजूला पुष्कळ वर्तुळं असतील, उदाहरणार्थ फ्लँज, तर आयसोमेट्रिकचा हट्ट सोडा आणि काकांसारखा ऑब्लिक काढा. वर्तुळं कंपासने वर्तुळंच राहतात. लांबलचक वस्तू मात्र ऑब्लिकमध्ये विचित्र ताणलेली दिसते. सिव्हिलवाल्यांनी इमारत दाखवायची असेल तर पर्स्पेक्टिव्ह, कारण डोळ्याला लांबचं लहान दिसतं आणि आयसोमेट्रिक ते मानत नाही. कुठे काय वापरायचं हे ठरवता येणं म्हणजेच हा विषय येणं.

एक इशाराही देते. आयसोमेट्रिक खोटंही बोलतं. तारेच्या घनाच्या बाराही कडा आयसोमेट्रिकमध्ये काढल्या तर जवळचा कोपरा आणि सगळ्यात लांबचा कोपरा बरोबर एकाच ठिंबावर येतात. लुई नेकरने १८३२ मध्येच लिहून ठेवलंय की स्फटिकाच्या रेखाचित्राकडे बघत राहिलं की त्याची पुढची बाजू मागे जाते आणि परत पुढे येते. लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी १९५८ साली जो 'अशक्य' त्रिकोण प्रसिद्ध केला तोही अशाच फसवणुकीवर उभा आहे. तीन दांडे काटकोनात जोडलेले दिसतात, पण ते प्रत्यक्षात जुळूच शकत नाहीत. म्हणून मापासाठी तीन व्ह्यू, समजण्या-समजावण्यासाठी पिक्टोरियल. दोन्ही एकमेकांना तपासतात. मी शॉपमध्ये दोन्हींपैकी एकच वाचला, तोही उलटा.

मागच्या महिन्यात एफईची एक ज्युनिअर माझ्या रूमवर आली. "ताई, आयसोमेट्रिकची मास्टर आहे का?" शीट कंटेनरमध्ये अजून होती, ती दोन मिलिमीटर जास्तीच्या रेघेसकट. मी म्हटलं, देते, पण आधी तासभर बस. आम्ही काडेपेटी काढली, मग माझी इस्त्री काढली. इस्त्री फारच वाईट आली, दोघीही हसलो. मग तिने सबमिशनमधला पहिला ठोकळा स्वतः काढला. खोकं, मग कापाकापी. एका ठिकाणी अडली, खोडलं, आणि एकदम म्हणाली, "अगं, हे आत जातंय होय!"

उरलेले तीन ठोकळे तिने रात्री काचेवरच मारले. सबमिशन सकाळी होतं, मी काही बोलले नाही. पण तिच्या शीटवर त्या पहिल्या ठोकळ्याच्या रेघा जरा पुसट आहेत, एका जागी खोडल्याचा डाग आहे, आणि ती जास्तीची दोन मिलिमीटर नाहीत. सर, तपासताना लाइनवर्कचा एक मार्क कापलात तरी चालेल. त्या डागाचे दोन द्या.